‘पूर्वाश्रमीच्या’ नव्हे, माहेरच्या

मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत, सत्काराच्या बातम्यांत, स्मरणिकांत आणि अलीकडे आपल्या या त्रैमासिकाच्या शेवटच्या पानावरही एक शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो वाचताना कुणाची नजर अडत नाही. श्रीमती अमुक, आणि पुढे कंसात ‘पूर्वाश्रमीच्या कु. तमुक’. विवाहापूर्वी त्या बाईंचे नाव काय होते, एवढेच कंसात सांगायचे असते. गोष्ट साधी, घरगुती. तिच्यासाठी योजलेला शब्द मात्र थेट मठातून आणलेला. हा शब्द येथे चुकीचा आहे, आणि नुसता चुकीचा असता तर एखाद्या वाचकपत्रावर भागले असते. तो स्त्रीवर अन्याय करणाराही आहे, म्हणून त्याच्याविरुद्ध सविस्तर लिहिणे भाग पडले.

पूर्वाश्रम म्हणजे आधीचा आश्रम हे कुणीही सांगेल. पण मराठीत हा शब्द ज्याच्यासाठी वापरला जातो तो माणूस ठरलेला आहे. वासुदेवानंद सरस्वती हे संन्यासाश्रमातील नाव. वासुदेव गणेश टेंबे हे पूर्वाश्रमीचे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. येथे शब्द चपखल बसतो, कारण मध्ये एक भिंत उभी आहे. संन्यास घेणारा स्वतःच्या हाताने स्वतःचे श्राद्ध करतो, विरजा होम करतो, शिखा आणि सूत्र यांचा त्याग करतो आणि नवे नाव घेऊन निघतो. त्यानंतर घरात कुणी गेले तर त्याला सुतक नाही. जुन्या हिंदू विधीत तर संन्यास हा माणसाचा नागरी मृत्यूच मानला गेला. वडिलोपार्जित मिळकतीवरचा त्याचा हक्क संपतो आणि मागे राहिलेल्या घराशी त्याचे देणेघेणे उरत नाही. पूर्वाश्रमीचे नाव हे अशा प्रकारे एका मेलेल्या माणसाचे नाव असते.

आता आपल्या लेकीकडे पाहा. तिचे लग्न होते आणि पहिल्याच वर्षी मंगळागौर, दिवाळसण, संक्रांत यांच्या निमित्ताने जाणेयेणे सुरू होते. पहिल्या बाळंतपणाला तिने माहेरी यावे ही आपल्याकडची जुनी रीत. भाऊबीजेला ती आली नाही तर भावाचा सण सुना जातो. आईवडिलांपैकी कुणी गेले तर विवाहित कन्येला तीन दिवसांचे सुतक खुद्द धर्मशास्त्राने सांगितले आहे. संन्याशाला सांगितलेले नाही. संन्याशाने मागे फिरायचे नसते. फिरला तर काय होते ते मराठी माणसाला निराळे सांगावे लागू नये. विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने संन्यास टाकून पुन्हा गृहस्थाश्रमात आले. त्यापायी त्यांच्या घरावर बहिष्कार पडला, मुलांच्या मुंजी अडल्या, आणि अखेर आईबापांनी देहत्याग करून प्रायश्चित्त घेतले असे परंपरा सांगते. ज्या आश्रमात परतण्याची किंमत देहान्त प्रायश्चित्त, त्याचे नाव आपण त्या घराला देतो जिथे लेक डोहाळजेवण झाल्यावर हक्काने चार महिने राहायला येते!

यावर एक विद्वान मित्र म्हणाले, “शब्दशः अर्थ घ्या. विवाहाने आश्रम बदलतो. ब्रह्मचर्याश्रम जाऊन गृहस्थाश्रम येतो. मग आधीच्या आश्रमातील नाव हे पूर्वाश्रमीचेच की!” युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण विवाहाने आश्रम बदलतो तो नवऱ्याचाही. किंबहुना सोडमुंज करून ब्रह्मचर्याश्रमातून विधिपूर्वक बाहेर पडतो तो तोच. तरी ‘पूर्वाश्रमीचे कुमार अमुक’ असे कुठल्याही गृहस्थाच्या नावापुढे छापलेले माझ्या पाहण्यात नाही. आणि शास्त्रच काढायचे तर पुरते काढावे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात विवाहविधी हाच स्त्रियांचा वैदिक संस्कार मानला आहे, आणि पतीची सेवा हाच त्यांचा गुरुगृहीचा वास. म्हणजे त्या व्यवस्थेत कुमारिकेला ब्रह्मचर्याश्रमच दिलेला नाही. जो आश्रम तिला कधी मिळालाच नाही तो तिचा पूर्वाश्रम कसा? याहून गंमत अशी की वसिष्ठ धर्मसूत्र एका आश्रमातून दुसऱ्या आश्रमात गेलेल्याला दायातील वाटा नाकारते. तेव्हा विद्वान मित्रांनी आश्रमबदलाचा आग्रह धरताना आपण लेकीच्या नावामागे काय लिहीत आहोत याचा विचार करावा.

खरे तर कुळ तुटण्याचा एक प्रसंग आपल्या समाजात आहे, आणि तो बहुधा पुरुषाच्या वाट्याला येतो. तो म्हणजे दत्तक. दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मकुळाशी असलेले नाते कायद्याने संपते. १९५६ च्या दत्तकविषयक कायद्यातही ते तसेच आहे. बडोद्याच्या गादीवर १८७५ साली दत्तक आलेले तिसरे सयाजीराव हे कवळाण्याचे गोपाळराव. त्यांच्याविषयी लिहिताना आपण काय लिहितो? ‘मूळचे गोपाळराव’, ‘दत्तकापूर्वीचे नाव गोपाळराव’. ज्याचे नाते खरोखर तुटले त्याच्यासाठी ‘मूळचे’ हा मातीचा, ओलाव्याचा शब्द. आणि जिचे नाते तुटलेच नाही तिच्यासाठी संन्याशाचा शब्द. या उलट्या न्यायाकडे आपले लक्ष कसे गेले नाही, याचे नवल वाटते.

ग्वाल्हेरच्या वाचकांना तर माहेर म्हणजे काय हे बायजाबाई शिंद्यांवरून ठाऊक असावे. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही लेक १७९८ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांना दिली, आणि पाठोपाठ सर्जेराव दौलतीचे दिवाण झाले. त्यांनी त्या अधिकाराचे काय केले हे पुणेकरांनी सोसले आहे. त्याची भलामण कुणी करणार नाही. पण माहेर येथे मागे राहिले नव्हते. ते लेकीच्या मागोमाग दरबारात येऊन बसले होते. पुढे दौलतरावांच्या मृत्यूनंतर १८२७ ते १८३३ पर्यंत बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार स्वतः पाहिला. ‘पूर्वाश्रमीच्या घाटगे’ असे त्यांना म्हणणे म्हणजे इतिहासाला अर्धांगवायू झाल्यासारखे आहे. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या लेकीविषयी, म्हणजे अहिल्याबाईंविषयी, इंदूरकरांची जुनी पिढी ‘शिंद्यांच्या’ असे नुसते षष्ठीत बोले, आणि ते पुरेसे असे.

आता थोडे माझ्या जुन्या कामाविषयी, कारण हा शब्द केवळ शैलीचा प्रश्न नाही हे मला तहसिलीत कळले. मध्य प्रदेशच्या महसूल खात्यात असताना वारसाहक्काच्या नामांतरणाची प्रकरणे रोज समोर येत. आमच्या हिंदी खसऱ्याची भाषा रुक्ष, पण या बाबतीत ती मराठी निधनवार्तेहून शहाणी. स्त्री वारसाची ओळख ‘पुत्री’ अमुक आणि ‘पत्नी’ अमुक अशी दुहेरी लिहिली जाई. तेव्हा एका मराठी कुटुंबाचे प्रकरण आले. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन, दोन भाऊ, एक बहीण. भावांनी दिलेल्या वारसांच्या यादीत बहिणीचे नाव नव्हते. नोटीस गेली, बाई आल्या. पण त्यांच्या शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि आजचे नाव यांत एकही अक्षर समान नव्हते. बंगाली किंवा पंजाबी स्त्रीचे लग्नानंतर फार तर आडनाव बदलते. आपल्याकडे ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले की स्वतःचे नाव गेले. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे आले आणि आडनावही गेले. तीनही खांब एका दिवसात बदलतात. भावांचे म्हणणे असे की ही बाई तीच कशावरून? आणि थोरल्या भावाने बहिणीला लिहिलेल्या पत्रात, जे बाईंनीच पुढे केले, ‘आता तुझा येथला पूर्वाश्रम संपला, मागण्यासारखे काही उरले नाही’ असे वाक्य होते. गृहस्थ शिकलेले होते. शब्दाचा अर्थ त्यांना नेमका ठाऊक होता. अखेर बाईंची ओळख सिद्ध झाली ती लग्नपत्रिकेवरून. जपून ठेवलेली, कडा झिजलेली पत्रिका. तिच्यावर वडिलांचे नाव, माहेरचे नाव आणि वराचे नाव अशी तिन्ही एकत्र होती. नोंद झाली.

त्या भावाचा युक्तिवाद कायद्यात कोठेच नव्हता असेही नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीत वाटा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाला जन्मतः मिळणारे सहदायादत्व तिला दिले नाही. पुढे काही राज्यांनी ते दिले. आंध्र प्रदेशची दुरुस्ती १९८६ ची, महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या १९९४ च्या. हैदराबाद, बेळगाव येथील वाचकांनी लक्षात घ्यावे की या तीनही दुरुस्त्यांत एक मेख होती. कायदा लागू होण्यापूर्वी जिचे लग्न झाले ती मुलगी वगळलेली. एकाच आईच्या दोन लेकी. एकीचे लग्न आधी झाले म्हणून ती बाहेर, दुसरीचे नंतर म्हणून ती आत. विवाह ही रेघ, आणि तिच्या अलीकडचा तो पूर्वाश्रम, हेच या कलमांनी म्हटले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही रेघ पुसली. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात उरलेला संशयही काढून टाकला: मुलीचा हक्क जन्माने येतो, त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते हे पाहण्याचे कारण नाही. गोमंतकात तर पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. कायद्याला जे समजायला अर्धे शतक लागले ते समजल्यानंतरही आपण छापील कंसात तिला संन्यास देतच आहोत. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना भावाच्या तोंडी जी भाषा येते, ती कुठल्या तरी शब्दांनी आधी तयार केलेली असते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली, १ मेपासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव अनिवार्य करताना, विवाहित स्त्रीला मिळकतीच्या दस्तात विवाहापूर्वीचे नाव नोंदवण्याची मुभा दिली. शासकीय मराठीला नावे ठेवण्यात आपण कुणी मागे नाही, मीही नाही. पण ‘विवाहापूर्वीचे नाव’ हे सरळ शब्द तिथे आहेत, साहित्याच्या पानांवर नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

बरे, माहिती देण्याच्या दृष्टीने तरी हा शब्द नेमका आहे का? तोही नाही. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, या जन्माने गोदूबाई जोशी. बालपणीच विधवा झाल्या त्या नातू म्हणून. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. त्यांचा पूर्वाश्रम कोणता धरायचा, जोशी की नातू? ‘माहेरच्या जोशी, पहिल्या सासरच्या नातू’ असे म्हटले की सगळे लख्ख होते. आता घटस्फोट, पुनर्विवाह या गोष्टी घरोघरी आहेत आणि पत्रकार मंडळी पहिल्या नवऱ्याच्या आडनावालाही बिनदिक्कत ‘पूर्वाश्रमीच्या’ लावतात. वाचकाने काय ते ओळखावे.

वाङ्मयेतिहासात तर हा शब्द अनर्थच करतो. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने निघाले आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. ते लिहिणारी होती बाळूताई खरे. विश्राम बेडेकरांशी विवाह होऊन त्या मालतीबाई बेडेकर झाल्या त्या १९३८ मध्ये. ‘मालतीबाई बेडेकर, पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे’ असे लिहिले की जणू बाळूताई ही त्यागलेली, मागे टाकलेली कुणी व्यक्ती. पण मराठी समाजाची झोप उडवणाऱ्या त्या कथा लिहिल्या त्या तिनेच. लेखिकेचे सर्वांत धाडसी पुस्तक ज्या नावाच्या वयात झाले, ते नाव आपण विसर्जनाच्या पाटावर ठेवतो.

रूढीचा आधार घेणारे म्हणतील की शब्दांचे अर्थ बदलतात, त्याला काय करणार. बदलतात, हे खरे. ‘साहस’ हा शब्द स्मृतिग्रंथांत बळजोरीच्या गुन्ह्याचे नाव आहे. आज आपण साहसाबद्दल पदके देतो. पण तेथे जुना अर्थ पूर्ण मेला, म्हणून नवा नांदतो. ‘पूर्वाश्रमी’चा जुना अर्थ कुठे मेला आहे? एकाच दिवसाच्या वर्तमानपत्रात एका पानावर स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव असते आणि दुसऱ्या पानावर निवृत्त मुख्याध्यापिकेचे. दोन्ही अर्थ शेजारी राहतात तेव्हा बलवान अर्थ दुबळ्याला रंग देतो. कुणी एका पक्षातून दुसऱ्यात गेला की ‘पूर्वाश्रमीचे अमुक पक्षवाले’ असे आपण थट्टेने म्हणतो, आणि थट्टा साधते ती मूळ अर्थ जिवंत आहे म्हणूनच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी प्रतिज्ञापूर्वक जुना धर्म टाकला त्यांच्या बाबतीत हा शब्द वापरला जातो, तेथे त्याला निदान अर्थ आहे. त्यांनी तो त्याग स्वतः, सर्वांसमक्ष, विचाराने केला होता. लग्न करणाऱ्या मुलीने माहेराच्या त्यागाची कुठली प्रतिज्ञा केली?

मग हा शब्द टिकला कसा? माझ्या मते भारदस्तपणाच्या हव्यासाने. आपल्याला छापताना संस्कृत लागते. घरात दिवसातून दहादा ‘माहेर’ म्हणणारा माणूस निधनवार्तेचा मजकूर लिहायला बसला की त्याला माहेर पोरकट वाटू लागते. आणि हे माहेर आहे काय? मातृगृह या शब्दाचे झिजून, हजार वर्षे बायकांच्या तोंडात घोळून झालेले रूप. त्यात बाप नाही, आई आहे. कूळ नाही, घर आहे. सर्वसंगपरित्यागाची भाषा ज्यांना खरोखर शोभली असती त्या संतांनीसुद्धा पंढरीला माहेर म्हटले. दक्षिणेत, माळव्यात, गुजरातेत, जिथे जिथे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या परक्या भाषांच्या शेजाराने राहिला, तिथे घरातले कितीतरी मराठी शब्द गळाले. आमच्या नातवंडांना कोथिंबीर आठवत नाही, धनिया आठवतो. पण माहेर आणि सासर हे शब्द घराघरांत टिकून आहेत. इंग्रजीने अशा प्रसंगी फ्रेंचमधून ‘ने’ असा एक एकाक्षरी शब्द उसना घेतला. त्याचा अर्थ नुसता ‘जन्मलेली’. त्यांना उसना घ्यावा लागला. आपल्याजवळ घरचा आहे.

काही तरुण मैत्रिणी म्हणतात की माहेर-सासर ही विभागणीच नको, आणि नावच कशाला बदलायचे. बदलू नये, मुळीच बदलू नये. लग्नानंतर आडनाव बदलण्याची सक्ती करणारा कुठलाही हिंदू कायदा नाही. ज्यांनी बदललेले नाही त्यांच्यासाठी कंसाचीच गरज नाही. हा लेख ज्यांचे बदलले त्यांच्याविषयी आहे, आणि आपल्या निधनवार्तांत येणारी बहुतेक नावे अजून काही वर्षे त्यांचीच असणार.

पर्यायांविषयी एक सावधगिरी. कुणी उत्साहाने ‘जन्मनाव’ सुचवतील. तो घेऊ नये. आपल्याकडे जन्मनाव म्हणजे नक्षत्रचरणावरून पंचांगात निघणारे नाव, आणि ते व्यवहारात कुणी वापरत नाही. ‘पितृकुल’ वगैरे जड शब्द काढण्यातही अर्थ नाही. कुलवृत्तान्त लिहिणाऱ्यांनी सुनांच्या नावापुढे माहेरचे नाव देण्याची पद्धत कधीच घालून दिली आहे. कचेरीच्या कागदावर ‘विवाहापूर्वीचे नाव’, बाकी सर्वत्र ‘माहेरच्या’. त्यापुढची ‘कु.’सुद्धा गाळावी, ऐंशी वर्षांच्या आजींना कंसात कुमारी करण्याचे प्रयोजन मला आजवर कळलेले नाही.

संपादक मंडळाला विनंती अशी की पुढील अंकाचा मजकूर छपाईला जाण्यापूर्वी शेवटच्या पानावरून एकदा हात फिरवावा. ‘पूर्वाश्रमीच्या’ची अक्षरे पाच, ‘माहेरच्या’ची चार. जागेची अडचण ही सबब तरी सांगता येणार नाही.